दोऱ्याएवढी जागा

एक विचारतो, मग पुढे बोलू. विश्वास कुणावर ठेवावा? माणसाच्या तोंडावर, की कागदावर?

घाई नको. किटलीत चहा आहे अजून, आणि उद्या सकाळपर्यंत आपल्याला कुणी हाक मारत नाही.

"कागदावर," नात म्हणाली. "माणसं शब्द फिरवतात, आजोबा."

"आजोबांना दुसरं काय ऐकायचंय?" नातू म्हणाला. "जन्मभर कागदच विकला त्यांनी."

विकला, म्हणूनच विचारतोय. पोत्यात मुंग्या किती, ते साखर विकणाऱ्यालाच ठाऊक. मी शाळेत चार यत्ता गेलो. वाचायला शिकलो तो रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून. लोकांची पत्रं, कोर्टाच्या नकला, औषधाच्या बाटलीसोबतचे कागद, हाती येईल ते वाचायचो. म्हणून छापलेलं दिसलं की ते खरंच असणार, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती. साठीपर्यंत म्हणा. ती मोडली एका रात्रीनं. रात्र माझी नाही, माझ्या एका दोस्ताची.

उद्यापासून तू रुग्णालयाच्या नोंदी ठेवायला बसणार, पोरी, म्हणून आज सांगतो. एरवी ही गोष्ट मी काढत नाही.

"भूत असेल तर आत्ताच सांगा," नातू म्हणाला. "मला खाली जाऊन गाडी आत घ्यायचीय."

मग आधी घेऊन ये.

तो उठला नाही. बरं.

दोन वर्षं झाली. नोव्हेंबरातला तिसरा बुधवार. संध्याकाळी आठला दहा मिनिटं कमी. मी शटर अर्धं ओढलं होतं आणि त्याखालून वाकून टाचणीमास्तर आत आला.

"अकरा लेबलं द्या," म्हणाला. "आणि डिंकाची बाटली. मागच्या खेपेची पाण्यासारखी होती. तुमच्या स्वभावासारखी गोड आणि पातळ."

टाचणीमास्तर हे नाव मीच ठेवलेलं. माणूस कोर्टाच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेला, वय अडुसष्ट, बायको जाऊन सात वर्षं झालेली. जुन्या कागदांना लावलेल्या टाचण्या गंजतात आणि कागद खातात. त्या एकेक करून, कागद न फाडता काढणं हे त्याचं आवडतं काम. काढलेल्या टाचण्या तो काचेच्या बरणीत साठवायचा. "लोक पैसे जमवतात, तू गंज जमव," असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "शेठ, हा गंज कागदावरून निघालाय. तेवढा कागद वाचला."

तेव्हा त्याच्याकडे वकीलसाहेबांचे कागद होते.

वकीलसाहेब म्हणजे कोण, ते तुमच्या पिढीला सांगायला हवं. कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली वकिलीची खोली, वर बिऱ्हाड. आधी वकील, मग निवडून आले, आणि सभागृहात एकच गोष्ट धरून बसले. लग्न होऊन गेलेल्या मुलीला, नवरा वारलेल्या मुलीला बापाच्या घरात जागा मिळाली पाहिजे, मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्कानं. अकरा वर्षं भांडले. घरावर दगड आले, पक्ष सोडावा लागला, पण कायदा झाला. मास्तर तेव्हा चार वर्षांचा. त्या कायद्यानं त्याच्या आईला तिच्या बापाच्या घरात मागची एक खोली मिळाली. त्याच खोलीत तो वाढला, तिथूनच शाळेत गेला. म्हणून मास्तर साहेबांचं नाव घेताना आवाज जरा खाली आणायचा. आपण थोरल्या माणसासमोर आणतो तसा.

साहेबांची आणखी एक ख्याती होती. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर. कैद्याचं असो, शाळेतल्या पोराचं असो, शिव्या घालणाऱ्याचं असो. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं ते दोन ओळी लिहायचे. ‘आले’ आणि पुढे तारीख. खाली ‘उत्तर’ आणि पुढे तारीख.

साहेब जाऊन साठ वर्षं झाली. नातवानं घर आणि कागद एका वाचनालयाला दिले. कागदांची यादी करायला मास्तर बसला, आणि पेट्या पुरवायला मी. एकशे बारा पेट्या. मास्तर संगणकावर दोन बोटांनी टंकायचा, एका बोटाला दुसऱ्याचा पत्ता नसल्यासारखा. यादीला पाच रकाने. क्रमांक, कुणाकडून, तारीख, विषय, उत्तर. शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘दिले’ लिहायचा, आणि खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’ची ती दोन टिंबांची खूण. सहा हजार पत्रं. सगळी ‘दिले’. हात सरावला.

आता नीट ऐका, कारण गोष्ट इथे आहे.

सत्त्याऐंशी नंबरच्या पेटीत एक जुडगा निघाला. एकेचाळीस पत्रं. बाकी सगळे गठ्ठे वकिली लाल फितीत, हा मात्र साध्या पांढऱ्या दोऱ्यात बांधलेला. पत्रं साहेबांच्या सख्ख्या बहिणीची. मास्तरनं वरची दोन चाळली. घरचं काहीबाही होतं. परक्याच्या घरचं जास्त वाचू नये, अशी त्याची रीत. त्यानं यादीत लिहिलं : ‘बहिणीची पत्रे, ४१, घरगुती.’ आणि शेवटच्या रकान्यात... ती दोन टिंबं.

कोपरे बघितले नाहीत. हातानं लिहिलं, डोळ्यांनी नाही.

यादी वाचनालयानं लोकांना बघायला संगणकावर टाकली. त्या बहिणीच्या दोन मुली अजून हयात होत्या. थोरली ऐंशीची, धाकटी शहात्तरची. दोघी आपल्या गावात चार गल्ल्या पलीकडे एकाच घरात राहायच्या. थोरलीनं लग्न केलं नाही. धाकटीचं घर, नातवंडं, तिथेच थोरली. धाकटीच्या नातवानं मोबाईलवर यादी उघडून दाखवली. उत्तर, दिले.

धाकटी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरी मास्तरकडे आली. ऑगस्टमध्ये.

"ही यादी खरी का?" तिनं विचारलं.

मास्तर छाती फुगवून म्हणाला, "बाई, साहेबांनी कुणाचं उत्तर ठेवलं नाही. मग सख्ख्या बहिणीचं ठेवतील?"

"म्हणजे एकेचाळीस उत्तरं आमच्या घरी आली?"

"आलीच असणार."

पेटी वर होती. मास्तरचे गुडघे दुखत होते. जेवायची वेळ झालेली. तो वर गेला नाही. धाकटीनं पुढ्यातलं पाणी घेतलं नाही आणि निघून गेली.

त्यांची आई विधवा होती, सासरच्या एका कोपऱ्यात दोन पोरी घेऊन पडलेली. भावाला अकरा वर्षं पत्रं लिहीत होती. आणि रोज टपालकचेरीत जाऊन "काही आलं का?" विचारायचं काम थोरलीचं. सातव्या वर्षापासून. कापडी पिशवी घेऊन जायची आणि रिकामी घेऊन यायची. मामाचं पत्र आलं का, म्हणून गल्लीतली पोरं तिला चिडवायची. कशी चिडवायची, ते तुम्हाला सांगायला नको. ती सोळाची असताना आई गेली.

आता कागद सांगत होता की उत्तरं आली होती. मग ती गेली कुठे? घरात टपाल आणणारं माणूस एकच.

"तुझ्या हातात यायची," धाकटी थोरलीला म्हणाली. "आई डोळे लावून बसायची, तुला दिसत होतं. कुणाच्या सांगण्यावरून दाबलीस? काय मिळालं तुला?"

थोरली एवढंच म्हणाली, "मी रोज जायची. रोज रिकामी यायची."

"मग कागद खोटं बोलतो?"

मीही कागदालाच खरं मानलं असतं. त्या दिवसापासून एका घरात दोन चुली झाल्या. धाकटी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. थोरली उंबऱ्यात बसून राहायची. टपालवाला दिसला की उठायची आणि तो पुढे गेला की बसायची. दोन म्हाताऱ्या भांडल्यात एवढं दुकानात माझ्याही कानावर आलं होतं. का, ते कळलं नव्हतं. मास्तरला तर काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं मागाहून जुळलं. तुम्हाला आधी सांगितलं, म्हणजे पुढे अडखळायला नको.

तर तो बुधवार. गुरुवारी सकाळी यादी छापखान्यात जाणार होती. पुस्तक निघणार होतं. एकदा छापलं की ‘दिले’ ते कायमचं दिले.

मास्तर माझ्याकडून लेबलं घेऊन साडेआठला साहेबांच्या घरी पोचला. आत गेला, कडी लावली. कडी लावली हे तो शपथेवर सांगायचा. खालची साहेबांची खोली बंद होती. त्या खोलीत त्यांचं लिहायचं टेबल आहे. शिसवाचं, दोन्ही बाजूंना खण, भिंतीला पाठ लावून ठेवलेलं. रंगकाम केलं तेव्हासुद्धा ते हलवलं नाही. चार माणसं लागतात म्हणे. तो तडक वर गेला आणि पेट्यांना लेबलं लावत बसला. रेडिओही लावला. जुनी गाणी. मजेत होता.

नववी पेटी झाली. त्यानं घड्याळ बघितलं. दहा वीस. आता दोनच राहिल्या.

खालून आवाज आला.

"काही आलं का?"

मास्तरनं रेडिओ बारीक केला.

"कोण आहे?"

"काही आलं का?"

तो जिन्याच्या तोंडाशी आला. खाली दारालगत, जिथे पूर्वी अशिलं बसायची, ते लाकडी बाक आहे. दाराच्या काचेतून रस्त्यावरचा उजेड येतो, तेवढाच. बाकाच्या अगदी कडेला एक म्हातारी बसली होती. मांडीवर घडी घातलेली कापडी पिशवी. पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

मास्तरला वाटलं, कडी राहिली आपली.

"बाई, बंद झालंय. सकाळी दहाला या."

"मामाचं पत्र यायचं होतं."

मास्तर मला म्हणाला, "शेठ, बाई ऐंशीची. पण आवाज... शाळेतल्या पोरीचा."

तरी तो घाबरला नाही. त्याला ऑगस्टमधली धाकटी आठवली. त्याच घरातलं कुणी असेल, म्हातारपणात वेळेचं भान राहिलं नसेल. म्हणाला, "त्या दुसऱ्या बाईंना मी सांगितलंय की. सगळी उत्तरं गेली आहेत."

"बघून सांगा."

एवढंच. विनवणी नाही, राग नाही. टपालकचेरीच्या खिडकीशी उभं राहून म्हणावं तसं. बघून सांगा.

तो वळला. सत्त्याऐंशी नंबरची पेटी काढली. जुडगा सोडला. दोरा बाजूला ठेवला. पहिलं पत्र दिव्याखाली धरलं.

कोपऱ्यात निळी पेन्सिल. ‘आले’, तारीख.

खाली ‘उत्तर’.

पुढे काही नाही.

दुसरं पत्र. आले. तारीख. उत्तर... कोरं.

तिसरं. चौथं.

त्याला वाटलं, पुसलं असेल. कागद तिरपा धरला. पुसलेलं नव्हतं. कधी लिहिलंच नव्हतं. साहेबांनी ‘उत्तर’ हा शब्द एकेचाळीस वेळा लिहिला होता, आणि एकेचाळीस वेळा पेन्सिल तिथेच थांबली होती.

"काही आलं का?"

आवाज बाकावरून नव्हता. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून होता.

मास्तर वाचायला लागला. आता वाचलंच पाहिजे. ‘दादा, बाबांच्या घरात मागची खोली रिकामी आहे असं कळलं. आम्ही तिघी मावू.’ पुढचं. ‘दादा, तुझ्या भाषणाचं वर्तमानपत्रात वाचलं. सगळ्या बहिणींसाठी बोललास. ऊर भरून आला. माझंही बघ.’ मग एकोणतिसावं. ‘खोली नको. कामात असशील. तुझ्या लिहायच्या टेबलामागे भिंतीशी थोडी जागा असली तरी चालेल. मी आणि पोरी शेजारी शेजारी निजलो आणि दोऱ्यानं मोजलं. सोबत दोरा पाठवते. एवढी जागा पुरे.’

मास्तरनं बाजूला बघितलं.

त्यानं मघाशी सोडून ठेवलेला दोरा. पांढरा. साहेबांनी ती पत्रं त्याच दोऱ्यात बांधून ठेवली होती.

"काही आलं का?"

जिन्याच्या मध्यावर.

रेडिओ बंद होता. त्यानं केला नव्हता.

शेवटचं पत्र. अक्षर वाकडं झालेलं. ‘दादा, आता दोन ओळीही नकोत. नुसतं पाकीट पाठव. रिकामं. पोरगी रोज जाते. एक दिवस तिच्या हातात काहीतरी पडू दे.’

आले. तारीख.

उत्तर.

...

पायऱ्यांचा आवाज थांबला. दारात थांबला. त्याच्या पाठीमागे, चार हातांवर. श्वास ऐकू येत नव्हता. पण कुणीतरी वाट बघत होतं. मास्तर म्हणायचा, वाट बघण्याला आवाज असतो शेठ, मी ऐकलाय.

"काही... आलं का?"

तो वळला नाही. वळवलंच नाही त्याच्यानं.

मी त्याला नंतर विचारलं, अरे, ‘आलं’ म्हणून मोकळा का नाही झालास? म्हातारीला बरं वाटलं असतं, तू सुटला असतास. तो म्हणाला, तोंडाशी तेच आलं होतं. साहेबांची लाज वाटत होती. आईची ती मागची खोली डोळ्यांपुढे होती. पण हातात ते शेवटचं पत्र होतं.

तो भिंतीकडे बघून बोलला.

"नाही, ताई. काही आलं नव्हतं. एकही नाही. तुमच्या हातात काही पडलंच नव्हतं."

शांत.

मग अगदी कानाशी :

"मग तसं लिहा."

आणि पायऱ्या उतरल्याचा आवाज. हळू नव्हे. धावत. पोर धावतं तशी पावलं, हलकी, एकेक पायरी गाळत. मास्तर मागोमाग आला. बाक रिकामं. दाराला आतून कडी. त्यानं लावलेली, तशीच.

त्यानं कडीला हात घातला, तेवढ्यात साहेबांच्या बंद खोलीतून आवाज आला.

लाकूड ओढल्याचा.

जड लाकूड. फरशीवरून. थोडं ओढलं... थांबलं. पुन्हा थोडं... थांबलं. एकट्या म्हाताऱ्या माणसानं दम खात खात ओढावं तसं.

त्यानं कडी काढली आणि पळाला.

"आजोबा, दिवा लावू का?" नातवानं विचारलं.

लाव. पण आता घाबरायचं संपलं. आता नुसतं वाईट वाटायचं राहिलंय.

सकाळी साडेसहाला मी शटर उघडलं तर पायरीवर मास्तर. एका पायात चप्पल. रात्रभर तिथेच बसला होता. मी चहा दिला, त्यानं हातात धरला आणि सगळं सांगितलं. म्हणाला, "आधी त्या घरी जाऊ." धाकटीनं ऑगस्टमध्ये भेटीच्या वहीत पत्ता लिहिला होता. दुकानातली माझी चप्पल त्याला घातली आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशीच कळलं. दारात खुर्च्या मांडल्या होत्या आणि शेजारीपाजारी दबक्या आवाजात बोलत होते. थोरली रात्री गेली. दहा वाजून पाच मिनिटांनी. चार दिवस तापानं आजारी होती. मी दारापाशी थांबलो. मास्तर आत गेला.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसला. रात्रीचं काही सांगितलं नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "बाई, यादी चुकीची आहे. चूक माझी आहे. उत्तर एकही गेलेलं नाही. मी बघितलं नव्हतं. काल बघितलं."

"काल?" ती म्हणाली. "काल कधी?"

"रात्री. साडेदहाच्या सुमाराला."

"ती दहाला गेली," धाकटी म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, जशी काही उद्याच्या स्वयंपाकाचं बोलतेय : "नऊला तिनं पाणी मागितलं होतं. मी ऐकलं. मी सुनेला पाठवलं. मी गेले नाही."

मास्तर रडला. ती नाही रडली. तिनं त्याला विचारलं, "तुम्ही चहा घ्याल का?" आणि उठायला गेली, आणि तिला उठताच येईना.

माणूस खोटं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं, पोरांनो. कागदाशी कोण भांडणार? ऐंशी वर्षांची बाई सात वर्षांची असल्यापासून खरं बोलत होती. दोन टिंबांनी तिला खोटं ठरवलं. मास्तर वाईट माणूस नव्हता. आळशीही नव्हता. त्याचा साहेबांवर फार जीव होता, एवढंच. जिथे जीव असतो ना, तिथे माणूस कोपरा बघत नाही.

तिथून आम्ही साहेबांच्या घरी गेलो. मास्तरनं छापखान्यात फोन करून काम थांबवलं, वर गेला आणि टंकायला बसला. जिथे एक ओळ होती तिथे त्यानं एकेचाळीस ओळी केल्या. प्रत्येक पत्राची वेगळी. प्रत्येकीच्या शेवटी पूर्ण शब्द : ‘उत्तर दिले नाही.’ मी म्हटलं, खाली खूण कर, हात दुखेल. तो म्हणाला, "दुखू दे." दोन बोटांनी, एकेचाळीस वेळा.

दुपारी साहेबांचे नातू आले. वाचनालयाचे तेच अध्यक्ष. भला माणूस, पण आजोबांचा पुतळा उभारायचं चाललं होतं. यादी वाचली आणि चेहरा उतरला.

"मास्तर, हे घरातलं आहे. हे काढा. लोक काय म्हणतील? कायदा करणाऱ्यानं स्वतःच्या बहिणीला..." ते थांबले. मग म्हणाले, "त्यांचीही बाजू असेल. तेव्हा बहिणीला घरात घेतलं असतं तर विरोधक म्हणाले असते, हा स्वतःच्या घरासाठीच कायदा आणतोय. म्हणून कायदा होईपर्यंत थांबले असतील. लेखी काही द्यायला नको म्हणून गप्प राहिले असतील."

"असेल," मास्तर म्हणाला. "बहीणबाई कायद्याच्या आधी आठ महिने गेल्या. दोन्ही तारखा मी लिहिल्यात. साहेबांनी काही लिहिलं असतं तर तेही लिहिलं असतं."

"मी तुम्हाला सांगतोय, काढा."

"साहेबांनी काढली नाहीत ही पत्रं," मास्तर म्हणाला. "जाळता आली असती. बांधून ठेवली. मी कोण काढणारा?"

साहेबांचे नातू खाली गेले. साहेबांच्या खोलीची किल्ली त्यांच्याचकडे असायची. खोली उघडल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक आली, आणि ती हाक अशी होती की मी साठीचा माणूस जिना धावत उतरलो.

टेबल भिंतीपाशी नव्हतं.

जिथे त्याचे पाय इतकी वर्षं होते तिथे फरशीवर चार फिके चौकोन. तिथून पुढे चार ओरखडे, थांबत थांबत गेलेले. टेबल खोलीच्या मध्याकडे सरकलं होतं. मागे भिंतीशी जागा मोकळी झाली होती, आणि त्या जागेत, भिंतीपासून टेबलाच्या पायापर्यंत, जमिनीवर तो पांढरा दोरा. सरळ. ताणलेला. एक टोक भिंतीला, एक टोक टेबलाला. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. मी कागदवाला, माझ्या खिशात मोजपट्टी असतेच. मी वाकलो आणि मोजलं. एक मोठं माणूस आणि दोन पोरी शेजारी शेजारी निजली तर बरोबर मावतील.

दोरा मास्तरनं रात्री वरच्या टेबलावर ठेवला होता. खोलीला कुलूप होतं. किल्ली नातवांच्या कंबरेला.

नातू मास्तरला म्हणाले, "छापा."

एवढंच.

छापली गेली. धाकटीनं एक प्रत मागून नेली. थोरलीच्या रिकाम्या खाटेवर ठेवते म्हणतात. मास्तर गेल्या साली गेला. त्याची टाचण्यांची बरणी माझ्या गल्ल्याशेजारी आहे, तुम्ही बघितलीय. आणि ते टेबल अजून तसंच आहे. एकदा साफसफाईला आलेल्या चार जणांनी भिंतीला लावायला बघितलं. हललं नाही. आता कुणी हात लावत नाही. झाडणारी बाई त्या मोकळ्या जागेवरून केरसुणी हळू फिरवते. निजलेल्या माणसाशेजारून फिरवावी तशी.

बस. चहा गार झाला.

पोरी, उद्या तू नव्या खुर्चीत बसशील. पुढ्यात रकाने असतील. कुणाचा ताप, कुणाचं औषध, कुणी विचारायला आलं, कुणी आलं नाही. कंटाळा येईल, हात सरावेल. तेव्हा म्हाताऱ्याचं एक ऐक. जे बघितलं नाहीस ते भरू नकोस. रकाना कोरा असेल तर कोरा राहू दे. हिशेब खरा ठेव, बाळा. त्याच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी रिकामी पिशवी घेऊन उभं असतं.